पणजोबांची तलवार इथिओपियाची आहे का?

रंकाळाकर: पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, १९४१ ला एरिट्रियात केरेनच्या लढाईत होते, तिकडनं आणलेली तलवार माळ्यावर सापडली. पातं थोडं वाकडं, मूठ काळी शिंगाची, पात्यावर सिंह कोरलाय. घरचे म्हणतात संस्थानातली, पण आपल्या मुठीसारखी वाटत नाही. काय विषय असेल?

पेठेतला_गडी: भावा, सिंहाच्या डोक्यावर मुकुट आणि पंजात क्रॉसवाला दांडा असेल तर यहुदाचा सिंह, म्हणजे इथिओपियाच्या सम्राटाचं चिन्ह. अशा तलवारीला तिकडं गुराडे म्हणतात, पाती बऱ्याचदा जर्मनीतल्या झोलिंगेनची, दुसऱ्या मेनेलिकच्या काळात (१८८९ ते १९१३) लई गेली तिकडं. मुठीजवळ पात्यावर भिंग लावून बघ, राजाचं डोकं आणि शेजारी शिरस्त्राण असा छाप असेल तर वायर्सबर्ग किर्शबाउम कंपनी. शोटेल ही तिकडचीच दुसरी तलवार, ती वेगळी, कोयत्यागत पार वळलेली. आपल्याकडं पण फिरंग होतीच की, पातं युरोपचं मूठ इथली.

जुनं_लोखंड: मुठीच्या कडेला मोबाइलचा टॉर्च लाव, केसांसारख्या उभ्या रेषा दिसल्या तर गेंड्याचं शिंग असू शकतं, मग विकायचा विचार सोड, कायद्यात अडकशील.

रंकाळाकर: क्रॉस आहे! छाप गंजाखाली गेलाय, पॉलिश पेपर मारू का?

पेठेतला_गडी: अजिबात नको, अक्षरंच जातील. मशीन ऑइल आणि मऊ फडकं बास, आणि फोटो टाक आधी.