सीए-१२५ म्हणजे पेशीवरची साखर असेल, तर आईने गोड सोडावे का?

लेक, औसा (जि. लातूर)

माझी आई ६१ वर्षांची आहे. दोन घास खाल्ले की तिचे पोट भरायचे, पोट फुगायचे. गावात सर्वांनी अपचन ठरवले आणि त्यात चार महिने गेले. आता अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान होऊन केमोचे दोन डोस झाले आहेत. रक्ततपासणीत सीए-१२५ आधी ८४० होते, ते २१० वर आले. हा पेशीच्या अंगावरचा, साखर लागलेला प्रथिनाचा रेणू आहे, असे डॉक्टरांनी समजावले. 'साखर' हा शब्द कानावर पडल्यापासून आईने चहातली साखर आणि गूळ सोडला, आणि आता ती ज्वारीची भाकरीही अर्धीच खाते. ही साखर आणि ती साखर एकच आहे का? पेशीवरच्या साखरेमुळे कर्करोग वाढतो म्हणजे नेमके काय होते?

जीवरसायनाचा शिक्षक, नांदेड

ताई, आधी आईंना पोटभर भाकरी खाऊ द्या. केमो सुरू असताना अंगात ताकद राहणे फार महत्त्वाचे असते.

पेशीवरच्या प्रथिनांना साखरेच्या रेणूंच्या फांद्या जोडलेल्या असतात आणि त्या पेशी स्वतःच आतमध्ये घडवते. खाण्यातली साखर बंद केली तरी शरीर ग्लुकोज तयार करतच राहते, त्यामुळे फिका चहा पिऊन या फांद्या थांबत नाहीत.

सीए-१२५ हा म्यूसिन-१६ नावाच्या प्रचंड मोठ्या प्रथिनाचा भाग आहे. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तो ओळखला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी बहुधा सुटून पोटातल्या पाण्यात तरंगतात आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसतात. त्या अस्तरावर मेसोथेलिन नावाचे प्रथिन असते आणि म्यूसिन-१६ त्याला पकडते. बांधावरून चालत आल्यावर लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटलेली दिसतात, तशीच ही पकड असते, आणि प्रयोगात विशिष्ट साखरेच्या फांद्या काढून टाकल्या की ती सुटते. मला स्वतःला या आजाराच्या पसरण्यातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते.

दुसरी गोष्ट कर्करोगाच्या पेशीच्या बचावाची आहे. फांद्यांच्या टोकाला सियालिक आम्ल हा साखरेचाच एक प्रकार असतो. प्रतिकारक पेशींवरचे सिग्लेक नावाचे रेणू तो ओळखतात आणि हल्ला करायला आलेली पेशी थबकते. कर्करोगाच्या पेशीवरचे सीडी-२४ हे प्रथिन सिग्लेक-१० मार्फत भक्षक पेशींना असेच रोखते, हे २०१९ मध्ये दाखवले गेले.

प्रयोगशाळेत काम करणारी, बीड

सरांच्या उत्तराला एक जोड देते. सीए-१२५ चा साधारणतः ३५ पर्यंतचा आकडा सामान्य धरतात. परंतु मासिक पाळी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा पोटाचा क्षयरोग, यांतही तो वाढतो. उलट, पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो वाढतच नाही. म्हणून केवळ या आकड्यावरून निदान करत नाहीत, मात्र उपचारांदरम्यान तो उतरत जाणे हे चांगले लक्षण असते. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा, कारण यंत्र बदलले की आकड्यात फरक पडतो. आईंना मधुमेह असेल, तर गोडाचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्या.

लेक, औसा

सर, ताई, आपले आभार. आईला मधुमेह नाही. कुसळांचे उदाहरण मी तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला लावले, आणि रात्री पिठल्यासोबत दीड भाकरी खाल्ली. पुढची तपासणीही जुन्याच प्रयोगशाळेत करू.