गाळलेले जळके ऑइल डिझेलमध्ये मिसळण्याबाबत
जळके ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेले वापरलेले ऑइल, सुती कापडातून आणि नंतर 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले की ते डिझेलमध्ये खुशाल मिसळावे, अशी एक सूचना केली गेली आहे; तिला थोडी पुरवणी जोडतो. फिल्टर फक्त जाड कण अडवतो. झिजेतून आलेले धातूंचे अतिसूक्ष्म कण आणि ऑइलमध्ये मुळातच घातलेली जस्त, फॉस्फरस व कॅल्शियमची संयुगे त्यातून सहज पार होतात आणि जळल्यावर त्यांची राख उरते. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) डिझेल गाडीच्या पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये, म्हणजे धुरातले कण अडवणाऱ्या गाळणीत, काजळी जाळून टाकता येते, ही राख मात्र तशीच साचत राहते, त्यामुळे अशा गाडीत हा प्रयोग करूच नये.

ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. नाशिकच्या थंडीत ऑइल घट्ट होऊन पाणी तळाशी बसायला वेळ लागतो, म्हणून ते शेगडीवर तापवण्याचा मोह होतो; परंतु 100 अंशांच्या पुढे तळाच्या पाण्याची एकदम वाफ होऊन गरम ऑइल उसळते आणि त्यात पेट्रोल मिसळलेले असल्यास भडकाही उडू शकतो. 2016च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागाकडच्या एखाद्या गॅरेजात ते तसे पाठवतात का, हे विचारून तिथे देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.