मदत हवी आहे: घरच्या बॅकअपसाठी पोर्टेबल फ्युएल सेल घ्यावा का? (कोकण, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा दापोली तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात. आईला फुप्फुसाच्या आजारामुळे रोज रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. पावसाळ्यात लाइट जाणं आम्हाला नवं नाही. पण जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या बाजूची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हा आईला मशीन लागत नव्हतं. आता लागतं, म्हणून हा धागा.

आधी हिशेब. मशीनच्या पाटीवर ३५० वॅट लिहिलंय. रात्रीचे दहा तास धरले तर साडेतीन युनिट. पंखे, दोन दिवे, फोन आणि थोडा वेळ फ्रिज धरून रोजची गरज पाच युनिटच्या आसपास जाते. सध्याच्या इन्व्हर्टरला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. कागदावर १.८ युनिट, प्रत्यक्षात सव्वा-दीड मिळतात. एकटा कॉन्सन्ट्रेटर लावला तरी चारेक तासांत बॅटरी बसते.

जनरेटर घ्या, असं सगळेच सांगतात. पण भर पावसात तो ठेवायचा तर पडवीतच, आणि आईच्या खोलीची खिडकी पडवीत उघडते. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्या खोलीत जाणार असेल तर मला तो नकोच. आवाज नाही, धूर नाही, उन्हाची वाट बघायची नाही, म्हणून फ्युएल सेलकडे (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणाऱ्या यंत्राकडे) वळलो. आतापर्यंत जे हाती लागलं ते असं:

मेथॅनॉलवर चालणारे सेल. युरोपात कॅराव्हॅनवाले वापरतात ते जर्मन ईफॉय याच जातीचे. इंधनाचा हिशेब छान आहे: एका युनिटला साधारण ०.९ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या कॅनमध्ये अकरा युनिट. कॅन सीलबंद असेल तर इंधन वर्षानुवर्षं टिकतं. अडतं ते ताकदीवर. ईफॉय १५० हे मॉडेल सतत ७५ वॅट देतं. चोवीस तास चालवलं तरी १.८ युनिट. आमची गरज भागवायला अशी तीन यंत्रं लागतील, आणि एकेकाची किंमत हजारो युरोंत.

शिवाय मेथॅनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती यानेच. महाराष्ट्रात ते परवान्याशिवाय विकता येत नाही. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतही नाही. सुट्टीत घरात लहान मुलं असतात, तिथे हे कॅन ठेवायला माझं मन धजत नाही.

हायड्रोजनवर चालणारे सेल. ताकद भरपूर मिळते, पाचशे वॅट काय, किलोवॅटही. पण नेहमीच्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला जेमतेम ०.६ किलो हायड्रोजन मावतो. एका किलोत ३३ युनिट ऊर्जा, त्यातली निम्मी वीज म्हणून मिळते असं धरलं तर एक सिलिंडर म्हणजे नऊ-दहा युनिट. आमचे दोन दिवस! रिकाम्या सिलिंडरचंच वजन पन्नास किलोच्या पुढे. लोट्याच्या एमआयडीसीकडून कुणी द्यायला तयार झालं तरी वादळानंतर झाडं रस्त्यावरच पडलेली असतात. तारा तुटतात त्याच दिवशी रस्ताही बंद होतो.

आणि फ्रिज सुरू होताना जो झटका लागतो तो सेल एकटा झेपवत नाही, सोबत बॅटरी हवीच. म्हणजे बॅटरीचा खर्च कुठेच चुकत नाही. मग पहिला पैसा तिथेच का घालू नये, असं मला आता प्रकर्षाने वाटू लागलंय.

जाणकारांना विचारायचंय:

घरगुती वापरासाठी हायड्रोजनचा एखादा सिलिंडर ठेवायला नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी लागते का? कुणी प्रत्यक्ष विचारलंय का?

खाऱ्या हवेचं काय? घर समुद्रापासून जवळ आहे, खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. सेल बाहेरची हवा आत ओढतो आणि मिठाने त्याचं मेम्ब्रेन (आतला पातळ पडदा) खराब होतं असं वाचलंय. मोबाइल टॉवरवर बसवलेल्या फ्युएल सेलवर काम केलेलं इथे कुणी असेल तर किनाऱ्यावरचा अनुभव जरूर लिहा. फिल्टर किती दिवसांनी बदलावे लागत?

भर (प्रतिसाद वाचून): छतावर सोलर आहे का, असं दोघांनी विचारलंय. नाही. शेजाऱ्यांकडे अनुदानातून बसवलेलं आहे, पण ते ग्रिडला जोडलेलं, लाइट गेली की तेही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच असावं लागतं. त्यामुळे मी हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेल्यावरही पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवणारा), पाच युनिटची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि पॅनेल अशा जोडणीचा भाव काढतोय. जून-जुलैच्या गच्च ढगांत दोन किलोवॅट पॅनेलमधून दिवसाला किती युनिट मिळतात, हे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुणी आपल्या मीटरवरून सांगितलं तर फार मदत होईल. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात ठेवलेला आहेच, त्याची काळजी नसावी.