शब्दचर्चा : एन्लार्जरच्या ‘कॉन्ट्रास्ट फिल्टर’ला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर : नमस्कार मंडळी. इथल्या पोरांना कृष्णधवल फोटो हातानं छापायला शिकवायचंय, त्यासाठी मराठीत टिपण लिहितोय. डार्करूमला ‘अंधारखोली’ केलं, ते सगळ्यांना कळलं. ‘कॉन्ट्रास्ट फिल्टर’पाशी गाडी अडली. म्हणजे एन्लार्जरला (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) लावायचा तो रंगीत फिल्टर, ज्यानं प्रिंटमधला काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो. भाषांतराच्या ॲपनं ‘विरोधाभास गाळणी’ काढून दिलं. हे चूक आहे एवढं कळतंय, पण मग बरोबर काय?

उदगीरकर : विरोधाभास हा अलंकार आहे. विरोध वरवर दिसतो, खरा नसतो, तेव्हा तो विरोधाभास. फोटोतला काळा आणि पांढरा खरोखरच वेगळे असतात, त्यात आभास कसला? पुस्तकी शब्द हवा असेल तर ‘छायाभेद’ घ्या. ‘तफावत’ही चालेल, पण ती पगारात असते तशी वाटते.

जालनेकर : छायाभेद शब्द चांगलाय सर, पण स्टुडिओत कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आमच्याकडं ‘प्रिंट उठला’, ‘प्रिंट मेला’, ‘फ्लॅट आला’, ‘कडक आला’ असं चालायचं. फिल्टर हा शब्द त्यात नव्हताच, आणि त्याला कारण आहे. तेव्हा कागदच वेगवेगळ्या जातीचा यायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ असो की बाहेरचा, खोक्यावर ग्रेड छापलेली असायची. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड. आम्ही नरम, नॉर्मल, कडक म्हणायचो. निगेटिव्ह पातळ, फिकी असली की कडक कागद, दाट आणि भडक असली की नरम. म्हणजे कॉन्ट्रास्ट कागदात असायचा आणि धंद्यात पैसा तीन-तीन खोक्यांत अडकायचा.

मल्टिग्रेड कागद इलफर्डनं 1940 सालीच आणला होता. आमच्या गल्लीपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला. त्याची गंमत अशी. एकाच कागदावरच्या लेपात चांदीच्या क्षाराचे दाणे निरनिराळ्या स्वभावाचे असतात. निळ्या प्रकाशाला सगळे जवळजवळ सारखेच जागे होतात, म्हणून प्रिंट झटकन पांढऱ्यावरून काळ्यावर जातो, मधले करडे टप्पे थोडे. हिरव्या प्रकाशाला मात्र काही दाणे लगेच, काही उशिरा, काही फारच उशिरा. त्यामुळं टप्पे लांबतात, करड्या छटा वाढतात, प्रिंट नरम येतो. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून नरम. मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, हिरवा अडवतो, म्हणून कडक.

आता शब्दावर येतो. हा फिल्टर कॉन्ट्रास्ट गाळत नाहीच. तो प्रकाशातला रंग गाळतो, कॉन्ट्रास्ट कागद ठरवतो. ग्रेडच्या जुन्या कागदावर हाच फिल्टर लावून बघा, कॉन्ट्रास्ट तिथल्या तिथं, फक्त वेळ वाढेल. तेव्हा ‘अमुक गाळणी’ असं काहीही म्हटलं तरी पोरं चुकीचंच समजणार.

बीडकर : काका, माहिती एक नंबर. पण ‘कडक प्रिंट’ म्हटलं की आमच्या वयाच्या पोरांना भारी प्रिंट असंच वाटतं. कडक चहा, कडक फोटो, कडक एंट्री. त्यांना सांगितलं ‘प्रिंट कडक आलाय, नरम कर’, तर ती म्हणतील, कशाला?

परभणीकर : हा धोका खराच. मग ‘उठाव’ कसा वाटतो? ‘उठाव-फिल्टर’?

उदगीरकर : उठाव म्हटलं की आमच्या वर्गात आधी 1857 येतो. ते सोडा, अडचण वेगळी आहे. उठाव ही दाद आहे. ‘रंगाला उठाव आला’ म्हणतो तेव्हा चांगलंच म्हणतो. इथं अर्धे फिल्टर उठाव कमी करायला आहेत. वेरूळला भर दुपारी कैलास लेण्याचा फोटो काढा. उन्हातला कातळ एकीकडं, ओवऱ्यांमधला अंधार दुसरीकडं. ती निगेटिव्ह आधीच इतकी भडक असते की पिवळ्या बाजूचा फिल्टर लावल्याशिवाय अंधारातलं शिल्प आणि उन्हातला दगड एका कागदावर मावत नाहीत. त्याला उठाव-फिल्टर कसं म्हणणार?

जालनेकर : म्हणूनच ‘फिल्टर’ तसाच ठेवावा आणि पुढं ग्रेड सांगावी, हे माझं मत. ‘नरम बाजूचा’, ‘कडक बाजूचा’ एवढं वहीत एकदा लिहून टाका, पोरं आठवड्यात रुळतील. पाणी गाळायच्या मशीनलाही गावात फिल्टरच म्हणतात, कुणाचं अडत नाही.

बीडकर : ग्रेड म्हणायची की नंबर? ‘दोन नंबरचा फिल्टर दे’ असं अंधारात कुणी ओरडलं तर बाहेरचे वेगळाच धंदा समजतील.

जालनेकर : 😄 दोन नंबर म्हणजे तर सगळ्यात सरळ माणूस! साध्या बल्बावर फिल्टर न लावता मल्टिग्रेड कागद साधारण तिथंच असतो. पण ‘ग्रेड’च म्हणा.

आणि आकडे मराठीतच वाचा. इलफर्डच्या संचात 12 फिल्टर असतात, 00 पासून 5 पर्यंत, मध्ये अर्ध्या-अर्ध्याचे. आपल्याकडं त्यांना शब्द तयार आहेत : अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार. 00 ला ‘डबल झीरो’. यात साडेतीन ध्यानात ठेवायचा. तिथपर्यंत फिल्टर बदलला तरी उजेड द्यायचा वेळ तोच ठेवता येतो. चारपासून पुढं दुप्पट. तुळजापूर-माहूरच्या मुलखातल्या पोरांना साडेतीन आकडा समजावून सांगायची गरज पडणार नाही.

परभणीकर : हे टिपणात घेतो. आणखी एक. लेन्सच्या खाली जो लाल फिल्टर फिरवून आणतात, तो या संचातच मोडतो का? पोरं त्यालाही कॉन्ट्रास्ट फिल्टर म्हणायला लागली आहेत.

जालनेकर : अजिबात नाही. लाल प्रकाश कागदाला दिसतच नाही. कागद चौकटीत नीट बसला का ते चित्र पाडून बघायला तो लाल असतो. त्याला सरळ ‘लाल झाकण’ म्हणा, घोळ मिटेल. कॅमेऱ्यावर आभाळ गडद करायला लावतात तो लाल आणखी तिसराच. तो निगेटिव्ह बनतानाच काम करतो.

संचातला फिल्टर जमलं तर निगेटिव्हच्या वरच्या कप्प्यात घाला. तिथं त्यावर ओरखडा असला तरी प्रिंटवर येत नाही. लेन्सखाली लावला तर बोटाचा डागसुद्धा चित्र मळकट करतो. आणि मे महिन्यात प्रिंट मळकट आला की लगेच फिल्टर बदलू नका. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, 20 अंशांचा हवा, आपल्याकडं नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर. प्रिंट भराभर काळा पडतो, पोरं घाबरून आधीच उचलतात. त्याला फिल्टर काय करणार? ट्रेखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवा.

उदगीरकर : ‘लाल झाकण’ला माझं मत. ‘छायाभेद’ टिपणात एकदा तरी येऊ द्या, शेवटी कंसात का होईना.

बीडकर : अंधारखोलीत कागद न बिघडवता उजेड देणाऱ्या सेफलाइटला काय म्हणताय? ‘सुरक्षित दिवा’?

परभणीकर : ‘लाल दिवा’ लिहिलंय. पण जुना पिवळट दिवा पडून आहे, तो चालेल का?

जालनेकर : ग्रेडच्या कागदाला चालायचा. मल्टिग्रेडला हिरवंही दिसतं, त्यामुळं पिवळट दिव्याची खात्री करून घ्या. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवा, त्या दिव्याखाली पाच-सात मिनिटं राहू द्या, मग तुकडा डेव्हलप करा. नाण्याचा गोल पांढरा उमटला तर तो दिवा या कागदाला चालणार नाही.