चर्चा: खऱ्या विमानाचा फोटो नसेल तर तो रंग मॉडेलवर नको. पटतंय का?

घोडबंदरकर

माघी गणपतीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये विमानांची प्लास्टिकची मॉडेलं करणाऱ्यांनी टेबल मांडलं होतं. २०२५च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला तेव्हापासून जो तो मिगच करतोय, त्यामुळे टेबलावर मिगांचीच गर्दी. त्यात एक १९७१च्या युद्धातलं एफएल (मिग-२१चाच एक प्रकार), अंगभर हिरव्या नागमोडी पट्ट्या. काम सुरेख, वादच नाही. करणाऱ्याला विचारलं, हा नमुना कुठल्या विमानाचा? तर म्हणे, "नेटवर चित्र होतं." ते कोणी काढलं, कशावरून काढलं, काही पत्ता नाही. वर नंबर टाकलाय तो तिसऱ्याच विमानाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. नेहमीचा रंग देताना थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं, कारण तशी विमानं ढिगाने होती. पण चारचौघांत उठून दिसणारा रंग निवडलात की पुरावा देणं तुमच्या अंगावर. गुलाबी स्पिटफायर खुशाल करा. ती दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश टेहळणीची विमानं होती. ढगांच्या पोटाखालून, कमी उंचीवरून जायची आणि बाजूला रोखलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढायची. पहाटे-संध्याकाळी ढगाखालच्या उजेडात तो फिका गुलाबी लवकर नजरेत भरत नसे. म्हणजे रंगामागचं कारण माहीत आहे, नोंदही आहे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन फोकर डी-७ विमानावरचं बहुकोनी नक्षीचं कापडही करा. ते कापड छापूनच यायचं, त्यामुळे वरून रंग द्यायचं वजन वाचायचं, आणि त्याचे अस्सल तुकडे आजही संग्रहालयांत आहेत.

७१च्या मिगांचं तसं नाही. ती आली उघड्या धातूची, चकचकीत. हिरवा रंग युद्धाच्या तोंडावर ज्या त्या युनिटने आपापल्या परीने चढवला. एकाचा नमुना दुसऱ्याला लागू नाही. म्हणून त्याच नंबरच्या विमानाचा फोटो असेल तर हिरवं करा, नाहीतर धातूचंच ठेवा. उघडा धातू नीट रंगवून दाखवणंही काही सोपं नाही.

नेरूळचा_नाना

असहमत. फोटो म्हणजे पुरावा, हे गृहीतकच मला मान्य नाही.

७१चे बहुतेक फोटो कृष्णधवल. त्यात गडद काय आणि फिकं काय एवढंच कळतं. हिरवा की तपकिरी, हे कोण सांगणार? त्याहून जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची तर कथाच वेगळी. तिला तांबडा दिसायचाच नाही, तो काळा यायचा. पिवळाही काळपट, निळा मात्र पांढुरका. पहिल्या महायुद्धाच्या फोटोंवरून रंग ठरवायला बसलेले भलेभले इथे घसरलेत. आणि तुमचं ते गुलाबी स्पिटफायर कृष्णधवल फोटोत पांढरंच दिसतं. नुसत्या फोटोवर विसंबला असता तर पांढरं मारून मोकळे झाला असता!

रंगीत फोटो तरी कुठे शहाणे? घरातले जुने लग्नाचे अल्बम काढून बघा, सगळं वऱ्हाड तांबूस झालेलं असतं.

घोडबंदरकर

नाना, म्हणूनच स्पिटफायरसाठी मी नोंद म्हटलं. छटा फोटोत कळत नाही, मान्य. पण पट्टा पंखावर कुठून कुठे गेला हे तर कळतं ना? माझा सगळा वाद पट्ट्याचा आहे. छटेवरून भांडायला आपल्याला उभा जन्म आहे.

तलावपाळी

तुम्ही दोघं रंगवता कधी?

विचित्र कॅमोफ्लाज (लपण्यासाठीचा रंग) कोणी पुराव्यासाठी करत नाही हो, हाताला खाज असते म्हणून करतात. स्वीडनचं व्हिगन लढाऊ विमान घ्या. दोन हिरवे, एक मातकट, एक काळा, आणि प्रत्येक कड सुरीने कापल्यासारखी सरळ. एक रंग मारायचा, वाळू द्यायचा, टेपचे तिरपे तुकडे कापून तो झाकायचा, मग पुढचा. शेवटी शेवटी विमान दिसेनासं होतं, हातात नुसता पिवळ्या टेपचा गोळा राहतो. टेप सोलताना जीव मुठीत. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, नीट धरलेला नसेल तर खालचा रंग टेपबरोबर निघून येतो आणि पांढरं प्लास्टिक दात काढून हसतं. त्यात ठाण्यातला जुलै. लॅकरचा रंग मारला की हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि काळा रंग राखाडी पडतो. मी पावसाळ्यात फक्त चिकटवणं, पुटी भरणं आणि घासणं करतो. एअरब्रश (रंग फवारायची छोटी बंदूक) दसऱ्यानंतर.

आता फोटोबद्दल. इटलीच्या मॅक्की सी-२०२ विमानावर वाळूच्या रंगावर हिरवी धुराची वलयं असतात. प्रत्येक वलय फोटोप्रमाणे जागच्या जागी बसवायला गेलात की हात आखडतो आणि विमान भरतकामाचा नमुना दिसायला लागतं. मूळ रंगारी स्प्रे गन घेऊन हात फिरवत गेला होता, मोजपट्टी घेऊन नाही. रंग नेहमीपेक्षा पातळ करा, प्रेशर उतरवा, आधी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर हात बसू द्या, आणि मग न थांबता मारा. वलयं फोटोशी जुळणार नाहीत, विमान जुळेल.

कोपरी_पूल

जरा अवांतर. अशा चर्चेत कोणीतरी ठिपक्या-ठिपक्यांचं अमेरिकन लिबरेटर बाँबफेकी विमान आणतंच, म्हणून आधीच सांगून ठेवतो, ते कॅमोफ्लाज नव्हे. बाँबफेकी ताफ्याने आकाशात कोणाभोवती जमायचं हे लांबून कळावं म्हणून जुनी विमानं मुद्दाम भडक रंगवायचे. ताफा जमला की ती परत फिरायची. लपायचा प्रश्नच नव्हता.

आणि वेगळंच काही करायचंय तर आपल्याकडचं करा की. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपली हरिकेन आणि व्हेंजन्स विमानं होती. त्यांच्यावरच्या गोल चिन्हातला लाल गाभा काढून टाकला होता, कारण जपान्यांचं चिन्ह लाल गोळ्याचं. गोंधळात आपलेच आपल्यावर गोळ्या झाडायचे. गडद निळा आणि फिका निळा एवढंच उरलं. बघणारा हमखास विचारतो, लाल कुठे गेला?

कळवा_खाडी

माझे मामा हवाई दलात एअरमन होते, ७१ला पूर्वेकडे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विमानाला हिरवा रंग ब्रशने लावला, डबा हातात घेऊन शिडीवर चढून. हिरवा कुठला? मामा म्हणतात बाटलीचा. त्यांच्याच युनिटमधले त्यांचे दोस्त म्हणतात मेंदीचा. दोघे एकाच विमानापाशी उभे होते! मी दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, तर शेवटी त्या वेळच्या मेसच्या जेवणावर घसरले.

त्यामुळे माझं मत असं झालंय की छटेसाठी माणसाच्या आठवणीचा उपयोग शून्य, पण रंग कसा लावला हे विचारायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. कारण ते हातांनी केलेलं असतं. ब्रशने लावला तर कड जराशी उठलेली हवी, कुठे धातू डोकावायला हवा, एका ठिकाणी थर जाड तर दुसरीकडे खालचं दिसणारा. त्या टेबलावर मीही होतो. सगळ्या मिगांच्या कडा एअरब्रशने मऊ फुंकलेल्या. त्यावर घोडबंदरकर चकार शब्द बोलले नाहीत, नंबरावरून मात्र त्या पोराला धरलं.

आणि घोडबंदरकर साहेब, तुमचं मस्टँग लढाऊ विमानही पाहिलं. नॉर्मंडीवरच्या हल्ल्यासाठी विमानांवर ओढलेले ओळखीचे काळे-पांढरे पट्टे, एका इंजिनाच्या विमानाला १८ इंच रुंद, तुम्ही बरोबर मोजून घेतलेत. पण हुकूम सुटला १९४४च्या जूनमध्ये, हल्ल्याच्या एक-दोन दिवस आधी. हातात येईल त्या ब्रशने माणसांनी पट्टे ओढले. फोटोंत ते वाकडे दिसतात, ओघळ दिसतात. म्हणजे फोटो तुमच्यापाशी होता, तरी पट्टे सुतात आलेच.

घोडबंदरकर

माझं मस्टँग ऑगस्टमधलं आहे. वरचे पट्टे तोवर काढले होते, म्हणून फक्त पोटाखाली आहेत.

कळवा_खाडी

पोटाखालचे तेच ना, जूनमधले?

नेरूळचा_नाना

चहा आणा रे कोणीतरी.

सेक्टर_सतरा

वाशीहून मीही एक मत टाकते. मी चित्रकला शिकवते आणि मॉडेलं नवऱ्यापेक्षा जास्त करते.

तुम्ही सगळे असं बोलताय की कॅमोफ्लाज म्हणजे वरून उतरलेला शास्त्रार्थ. अहो, त्यातला निम्मा चित्रकारांचा अंदाज होता. १९४०मध्ये अमेरिकन नौदलाने मॅक्लेलँड बार्क्ले या चित्रकाराकडून विमानांसाठी कोनाकोनांचे नमुने करून घेतले, उडवून पाहिले आणि बासनात ठेवले. पुढे कीथ फेरिस नावाच्या चित्रकाराने लढाऊ विमानाच्या पोटावर खोटं कॉकपिट रंगवायची कल्पना काढली, म्हणजे शत्रूला विमान कुठल्या बाजूला वळतंय ते पटकन कळू नये. कॅनडाची सीएफ-१८ विमानं ते खोटं कॉकपिट घेऊन उडतात. ज्यांचा पेशाच "असं करून बघू" हा होता, त्यांचं काम मॉडेलवर आणताना आम्हाला मात्र "असं करून बघू" म्हणायची बंदी?

मी तेजसला व्हिगनचा चौरंगी नमुना देणार आहे. फोटो नाही, नोंद नाही, असं विमान कधी नव्हतंच. या आता.

घोडबंदरकर

बाई, तुमच्या तेजसला माझी काडीची हरकत नाही. ते बघून कोणी फसणार नाही, कल्पना आहे हे आंधळ्यालाही कळेल. त्या चित्रकारांनीही नमुना उडवून पाहिला, नाही जमला तर सोडून दिला. माझी हरकत आहे ती खऱ्या विमानाचा खरा नंबर टाकून त्यावर मनातले पट्टे ओढण्याला. त्या नंबराचं विमान कोणीतरी उडवलं होतं. उद्या त्याच मॉडेलचा फोटो नेटवर जाईल, त्यावरून दुसरा चित्र काढेल, आणि दोन वर्षांनी मला कोणीतरी तेच चित्र पुरावा म्हणून दाखवेल. हे होतंय, मी बघतोय.

सेक्टर_सतरा

मग नंबर टाकू नका म्हणा. पट्ट्यांवर का घसरता? तुमच्या नियमाने चाललो तर ज्या विमानांचे फोटो कोणी काढले नाहीत, ती सगळी आपल्या टेबलावर चांदीची होणार. आणि ७१च्या डिसेंबरात ती तशी नव्हती, हे तुम्हीच वर लिहिलंय. म्हणजे नक्की चूक ते चालेल, कदाचित चूक ते नको?

तलावपाळी

हा मुद्दा घोडबंदरकरांना लागलाय. दोन तास झाले, उत्तर नाही.

घोडबंदरकर

ऑफिसात होतो. मुद्दा बिनतोड नाही, पण विचार करण्यासारखा आहे. नंबर न टाकता हिरवं करा, यावर मी तडजोड करायला तयार आहे. आणि पुढच्या वेळी टेबलावर प्रत्येक मॉडेलखाली पोस्टकार्डाएवढं कार्ड ठेवू. कुठला भाग फोटोवरून, कुठला आठवणीवरून, कुठला अंदाजाने, सगळं लिहायचं.

नेरूळचा_नाना

कार्ड वाचतंय कोण? लोक येतात, "किती दिवस लागले" विचारतात, "हे उडतं का" विचारतात आणि प्रसाद घेऊन जातात.

कळवा_खाडी

कार्ड ठेवायला हरकत नाही, पण मी नॅट लढाऊ विमान करतोय, खऱ्याच्या १/७२ मापाचं. पुढून मागपर्यंत बारा सेंटीमीटर. पोस्टकार्ड त्याच्यापेक्षा मोठं आहे. नॅट कार्डावर ठेवू की कार्ड नॅटखाली?