शैक्षणिक कर्ज घ्यावे की निवृत्तीची बचत मोडावी?

प्रश्न :
माझ्या मुलीला चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे. संपूर्ण शुल्क बचतीतून भरता येईल, परंतु मग निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी आमच्या हाती जवळजवळ काहीच उरणार नाही. कर्ज घेतल्यास परतफेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होईल, असे बँकेने सांगितले आहे. मुलगी कर्जाला तयार आहे. मात्र कमावण्याआधीच तिच्या डोक्यावर दहा वर्षांचे ऋण ठेवणे माझ्या मनाला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
आपली काळजी रास्त आहे, तरीही निवृत्तीची पुंजी पूर्ण मोडू नये असे मला ठामपणे वाटते. आज कर्ज टाळून उद्या आपला उदरनिर्वाह मुलीवर आला, तर तो भार किती आणि किती काळ राहील, हे कुणालाच सांगता येणार नाही. कर्जाला निदान रक्कम आणि मुदत असते.

परतफेड उशिरा सुरू होते, याचा अर्थ व्याजही उशिरा सुरू होते असा मात्र नाही. बँकेने महाविद्यालयाकडे पैसे पाठवले त्या दिवसापासून व्याज चढू लागते. समजा, एकूण कर्ज १०० आहे, दरवर्षीच्या आरंभी २५ उचलले जातात आणि व्याजदर १० टक्के आहे. सरळव्याज धरले तरी पाचव्या वर्षाअखेर ३५ इतके व्याज साचते. ते मुद्दलात मिळवून १३५ ची दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी परतफेड केली, तर एकूण सुमारे २१४ भरावे लागतात. हेच व्याज हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या पाच वर्षांत फेडत गेल्यास, ते ३५ धरूनही एकूण बेरीज १९४ च्या आसपास राहते. म्हणून बचतीतून शुल्क भरण्याऐवजी दरमहा केवळ व्याज भरावे. मुलीचे कर्ज फुगणार नाही आणि आपली पुंजीही बऱ्याच अंशी शाबूत राहील.

प्रतिसाद २ :
वरील हिशेब योग्य आहे, पण माझ्या मते खरी जोखीम हप्ता ठरलेला आणि पगार अनिश्चित असण्यात आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये जी पद्धत आणली, तिच्यात उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच करव्यवस्थेमार्फत परतफेड होते. प्रचलित अर्थाने व्याज लागत नाही, मात्र थकीत रक्कम महागाईनुसार वाढते. इंग्लंडमध्येही वसुली उत्पन्नाशी जोडलेली आहे आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. २०२३ पासून नव्याने शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी ही मुदत ४० वर्षांची आहे. याउलट अमेरिकेत शैक्षणिक कर्जातून दिवाळखोरीद्वारे सुटका मिळवण्यावर १९७६ पासून बंधने येत गेली आणि २००५ मध्ये ती बहुतेक खासगी कर्जांनाही लागू झाली. नोकरी न मिळाल्यास तोटा कुणी सोसायचा, या प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरे आहेत. साध्या बँक कर्जात तो संपूर्ण तोटा कर्जदाराकडे येतो, आणि तरुणांवर हे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा कर्जाची रक्कम शुल्कावरून न ठरवता पहिल्या पगारावरून ठरवावी. महाविद्यालये जाहिरातीत सर्वांत मोठ्या वेतनाचा आकडा छापतात. आपण मात्र त्याच शाखेतून बाहेर पडलेल्या मधल्या फळीतील विद्यार्थ्यांना काय मिळाले, याची चौकशी करावी आणि तेवढ्या पगारातून हप्ता भरून मुलीला स्वतंत्रपणे राहता येईल का, ते पाहावे. येत नसेल, तर शिष्यवृत्तीचा अथवा कमी शुल्काच्या संस्थेचा विचार करण्यात कोणताही कमीपणा नाही.

प्रतिसाद ३ :
एक मुद्दा राहिला. अभ्यासक्रम अर्धवट सुटला, तरी कर्ज सुटत नाही. पदवी हाती नसताना हप्ते भरणाऱ्यांची अवस्था सर्वांत बिकट होते. पालक सहकर्जदार असतील, तर थकबाकीची जबाबदारी त्यांच्यावरही येते. त्यामुळे चारही वर्षांचे कर्ज मंजूर करून घेतले, तरी प्रत्येक वर्षी गरजेपुरतेच उचलावे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिक्षणकाळातील व्याज आम्ही भरू आणि मुद्दल मुलगी फेडेल, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे. व्याज सरळ आहे की चक्रवाढ, आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारला जातो का, याचे उत्तर बँकेकडून लेखी मागवले आहे. ते आल्याशिवाय सही करणार नाही.