रेशनचा अंगठा: सातपुड्याच्या पाड्यांवर सक्ती हवी का?

तोरणमाळकर
देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नाही, अंगठा आधारशी जुळवता येत नाही म्हणून रेशनचं धान्य अडावं, हे संतापजनक आहे. ऊसतोडीत झिजलेल्या बोटांचे ठसे ई-पॉसला, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला, जुळत नाहीत. सर्व्हर बंद पडला की अख्खी रांग माघारी, दिवसाची मजुरी बुडाली. अशा ठिकाणी अंगठ्याची सक्ती उठवा, सहीची वही ठेवा.

पांझराकाठ
दादा, वहीचे दिवस विसरलात का? मयतांच्या नावावर सह्या पडायच्या आणि धान्याचे कट्टे परस्पर बाजारात जायचे. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेलं कुटुंब तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतं ते 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे, म्हणजे अंगठ्यामुळेच. तुमची वही गुजरातेत कोण वाचणार?

तोरणमाळकर
अंगठ्याने माणूस आला एवढंच कळतं. प्राधान्य कार्डावर 5 माणसं असली तर माणशी 5 प्रमाणे 25 किलो. पावती 25 ची निघते आणि पिशवीत 23 पडले तरी मशीनचा हिशोब चोख! मापातली चोरी तशीच राहिली, वर ठसा न जुळणाऱ्याचा घास गेला.

रावेरचा वाचक
ठसा जुळला नाही म्हणून परत पाठवणं मुळात नियमाबाहेर आहे. केंद्राच्या ऑक्टोबर 2017 च्या सूचनेनुसार नेटवर्क किंवा ठशाच्या अडचणीवरून धान्य नाकारता येत नाही. आधी दुसरं बोट, मग ओटीपी, तेही नाही जमलं तर आधार आणि रेशनकार्ड पाहून धान्य द्यायचं आणि अपवाद नोंदवहीत लिहायचं. गाडं अडतं ते ही वही दुकानात नसते म्हणून. दुकानदाराने नकार दिला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज करा, पोच घ्या. तिथे दाद नाही मिळाली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, अन्नसुरक्षा कायदा 2013, कलम 15. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

पांझराकाठ
मान्य. पण अपवादाची वही मोकळी सोडली तर जुना खेळ परत सुरू. दर महिन्याला ती ग्रामसभेत वाचा, रेशन दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीची सही घ्या. आणि तराजू ई-पॉसला जोडा: वजन पुरं भरल्याशिवाय पावती निघताच कामा नये.

तोरणमाळकर
तराजूला पूर्ण पाठिंबा. वाचन मात्र पाड्यावरच हवं. पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि कोण मयत, कोण ऊसतोडीला गेलंय हे पाड्यालाच ठाऊक असतं. रेंज नसलेल्या दुकानातली सक्ती उठवा, या मागणीवर मी ठाम आहे.